जेवणाआधीची सुई, ओढायचं इन्सुलिन आणि आईची फुफ्फुसं

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आईचं वय ५६, मधुमेह बारा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत, रात्री ग्लार्जिन या लांब अंमलाच्या इन्सुलिनचे २२ युनिट घेते. उपाशीपोटी साखर ११० ते १३० येते, पण जेवणानंतर २६० ते ३००, आणि एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.१. डॉक्टरांनी आता जेवणाआधीचं वेगळं इन्सुलिन सुरू करायला सांगितलंय. आईचं म्हणणं, "रातची एक सुई घेतो तेवढी बस झाली, आनखी नोको." मोबाईलवर श्वासाने ओढायच्या इन्सुलिनचा व्हिडिओ आला, आणि पुण्याचे जावई ते विकत घेऊन पाठवायला तयार आहेत. घरी गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवर होतं. आई पूर्वी हंगामात जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला जायची. तर सुरू करायचं का?

माझं उत्तर आधीच सांगतो. आत्ता लगेच नाही. प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही शेवटी लिहिली आहे: चूल आणि जिनिंग. ओढायचं इन्सुलिन घ्यायचं की नाही हे सुईच्या भीतीवर ठरत नाही, ते फुफ्फुसांवर ठरतं. आपल्या भागात तर हे अधिकच खरं आहे.

तरी हे औषध खोटं नाही आणि जाहिरातीतलं चूर्णही नाही. इन्सुलिन श्वासातून देता येईल का, याचे प्रयोग १९२० च्या दशकातच जर्मनीत झाले होते. प्रत्यक्ष बाजारात पहिलं आलं ते फायझर कंपनीचं एक्झुबेरा, २००६ मध्ये. यंत्र मोठं आणि अवघड होतं, मात्रा युनिटमध्ये नव्हे तर मिलिग्रॅममध्ये मोजावी लागायची, आणि खपच झाला नाही म्हणून कंपनीने २००७ मध्ये ते मागे घेतलं. आता ज्याची चर्चा आहे ते अफ्रेझा, अमेरिकेच्या मॅनकाइंड कंपनीचं. तिथे त्याला जून २०१४ मध्ये मान्यता मिळाली. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये औषध नियंत्रक यंत्रणेने सिप्ला कंपनीला त्याची परवानगी दिली, प्रौढ रुग्णांसाठी. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ वापरात असलेलं औषध आहे आणि त्याचे गुणदोष बऱ्यापैकी माहीत आहेत.

त्याचा खरा गुण म्हणजे वेग. साधं इन्सुलिन कातडीखाली टोचलं की त्याचे रेणू सहा-सहाच्या मोळीत बांधलेले असतात. मोळी सुटून एकेक रेणू मोकळा झाल्याशिवाय तो रक्तात जात नाही. म्हणून साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं, त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास राहतो. जेवणानंतरची साखर मात्र तासा-दीड तासात वर चढलेली असते. इन्सुलिन उशिरा पोचतं आणि काम संपल्यावरही रेंगाळतं. लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट ही नव्या पिढीची इन्सुलिनं यापेक्षा चपळ आहेत, पण त्यांचाही अंमल तीन-पाच तास चालतो. श्वासातून घेतलेली पावडर अत्यंत बारीक असते, कण दोन-तीन मायक्रॉनचे. ती थेट फुफ्फुसांच्या खोल भागात जाऊन विरघळते आणि मोकळं इन्सुलिन तिथून सरळ रक्तात उतरतं. साधारण १२ मिनिटांत परिणाम सुरू होतो, ३५ ते ४५ मिनिटांत जोर येतो, आणि छोट्या मात्रेचा अंमल दीड तासात, १२ युनिटांचा तीन तासांत ओसरतो.

हे शेतावर राबणाऱ्या माणसासाठी किती मोलाचं आहे, ते मला रोज दिसतं. बाई सकाळी आठला घरून इन्सुलिन टोचून निघते, भाकर फडक्यात बांधलेली असते. वेचणीचा धडाका असतो, मालक म्हणतो एवढी पात संपवा मग बसा, आणि शिदोरी सुटते एक वाजता. तोवर साखर ६०, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आणि बाजूची बाई म्हणते ऊन लागलं. ओढायचं इन्सुलिन पहिला घास घेतानाच घ्यायचं असतं, त्यामुळे भाकर सुटली नाही तर औषधही नाही, आणि घेतलं तरी दुपारच्या कामापर्यंत त्याचा अंमल संपलेला असतो. अर्थात लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्टचं पेनसुद्धा जेवायला बसतानाच घेता येतं, त्यामुळे वेळेच्या अडचणीवर तोही चांगला उपाय आहे. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

वेगाचा तोटाही आहे. साखर किती लवकर चढते हे ताटावर ठरतं. भात, तर्री-पोहे, उन्हाळ्यातला आमरस यांची साखर झपाट्याने वर जाते; तिथे हे इन्सुलिन चांगलं जुळतं. भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळ भात खाणाऱ्या माणसांना त्याचा फायदा जास्त दिसावा. पण तुपात भिजवलेले पानगे-वरण, सावजी रस्सा-मटण, पुरणपोळीवर तुपाची धार, अशा जेवणात स्निग्ध पदार्थ पोट उशिरा रिकामं होऊ देतात. साखर तीन-चार तासांनी चढते, तेव्हा ओढलेलं इन्सुलिन केव्हाच संपलेलं असतं. अशा दिवशी दीड-दोन तासांनी साखर तपासून, डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेली दुसरी मात्रा घ्यावी लागू शकते. म्हणजे ग्लुकोमीटर हाताशी हवा आणि तो वापरण्याची तयारी हवी. बोटाला टोचणं यातून सुटत नाही, उलट सुरुवातीचे काही आठवडे ते वाढतं.

रात्रीचं ग्लार्जिनही सुटत नाही. ओढायचं इन्सुलिन फक्त जेवणापुरतं आहे. दिवसरात्र जो पाया लागतो तो लांब अंमलाच्या इन्सुलिनचाच. टाइप १ च्या रुग्णाने, ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, ते बंद केलं तर जिवावर बेततं. तुमच्या आईचा टाइप २ दिसतो, पण तिचीही उपाशीपोटीची साखर आज ताब्यात आहे ती त्या रात्रीच्या सुईमुळे. तेव्हा "आता सुयांपासून सुटका" हे वाक्य तिच्या बाबतीत खरं ठरणार नाही.

आता फुफ्फुसांकडे येतो, कारण खरा निर्णय तिथे आहे.

या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक इशारा हाच आहे: दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असलेल्या माणसाने ते ओढलं तर श्वासनळ्या अचानक आवळून येऊ शकतात. जुनाट फुफ्फुसविकार असेल तर औषध द्यायचंच नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला द्यायचं नाही, आणि सोडून सहा महिने झाले नसतील तरीही नाही. सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा अधिक घटली तर बंद करण्याचा विचार करायचा. निरोगी फुफ्फुसांच्या माणसांतही दोन वर्षांपर्यंत चाललेल्या चाचण्यांत इंजेक्शनवाल्यांच्या तुलनेत ही हवा साधारण ४० मिलिलिटरने जास्त कमी झालेली दिसली. घट पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि पुढे तेवढीच राहिली. धडधाकट माणसाला ४० मिलिलिटर जाणवणारही नाहीत. ज्याचा साठा आधीच कमी आहे त्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हा साठा कमी असलेली माणसं फार आहेत आणि बहुतेकांना ते माहीत नाही. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, तो पऱ्हाट्या, तुराट्या आणि गवऱ्यांच्या धुराने. बंद स्वयंपाकघरात तीस-चाळीस वर्षं भाकरी थापलेली असते. विचारलं तर म्हणतात, "दमागिमा काई नाई, हिवाळ्यात जरा खोकला राह्यते." जिनिंगमध्ये रुईची धूळ, भातगिरणीत कोंड्याची, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची, दगडखाणीत दगडाची. जिनिंगमध्ये काम केलेल्यांना मी नेहमी एक प्रश्न विचारतो: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती भरून यायची का? हे रुईच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं जुनं ओळखीचं लक्षण आहे. तुमच्या आईला आज घरी हाच प्रश्न विचारा. शिवाय पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर फुफ्फुसात व्रण राहतात आणि श्वासनळ्यांचा कायमचा विकारही राहू शकतो. तो बरा झाल्याचं कार्ड असलं म्हणजे फुफ्फुस पूर्वीसारखं झालं असं नाही.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, बरेच जण विचारतात. खर्रा ओढला जात नाही, त्यामुळे या औषधाच्या नियमात तो बसत नाही. पण मधुमेहात हिरड्या, तोंड आणि हृदय आधीच धोक्यात असतात, आणि खर्रा तिन्हींवर घाव घालतो. तो सोडायला माझं सांगणं या औषधाशिवायही तेच आहे.

स्पायरोमेट्री म्हणजे काय, ते आईला आधी समजावून न्या. नाकाला चिमटा लावतात, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे, छातीत मावेल तेवढी हवा भरायची आणि एका झटक्यात जोराने फुंकून सहा सेकंद तरी फुंकतच राहायचं. आपल्या बायका पहिल्यांदा फुंकतात त्या चुलीत फुंकल्यासारखं हळू, दमाने, मधेच थांबून पदर सावरतात, समोरच्या मुलाकडे बघून लाजतात. कागदावरची रेघ मग अर्धवट येते आणि अहवाल चुकतो. चांगला तंत्रज्ञ तीन नीट फुंकरी मिळेपर्यंत सोडत नाही. दोन दिवस घरी बसून फुंकायचा सराव करून या, एवढंही बरंच काम करतं. हल्ली छोटे पीक-फ्लो मीटर सगळीकडे मिळतात, त्यावर भागवू नका. इथे स्पायरोमेट्रीच लागते. यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी, अकोला, नागपूर, जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे छातीरोग विभागात ती होते. सोबत छातीचा एक्स-रेही काढा. पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचं एकूण फुंकलेल्या हवेशी गुणोत्तर, श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही, ०.७० च्या खाली राहिलं तर तो सीओपीडी समजतात आणि ओढायच्या इन्सुलिनचा विषय तिथेच संपतो. पण तसं निघालं तर चूल बंद करणं आणि फुफ्फुसांवर उपचार सुरू करणं हा मोठा फायदा त्या एका तपासणीतून झालेला असतो.

खोकल्याचं एक वेगळं बोलायला हवं, कारण परदेशातल्या माहितीत ते नसतं. साखर खाली जाणं सोडलं तर या औषधाचा सर्वांत सामान्य त्रास म्हणजे खोकला, चाचण्यांत चारातल्या एकाला तरी झाला. तो कोरडा असतो, पावडर ओढल्यावर दहा मिनिटांच्या आत येतो आणि थांबतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो. पण आपण टीबीच्या मुलखात राहतो, आणि मधुमेही माणसाला टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट. उद्या औषध सुरू केलं आणि आईला दिवसभर खोकला राहू लागला, बेडका पडू लागला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरू लागलं, तर "ते इन्सुलिनचंच आहे" म्हणून घरचे लोक दोन महिने गप्प बसतील. ही मला या औषधाबद्दलची सर्वांत मोठी काळजी वाटते. ओढण्याच्या वेळेशी न जुळणारा खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे, औषध कोणतंही चालू असो. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

कर्करोगाचं विचारणारे असतात म्हणून तेही सांगतो. चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या दोघांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, दोघेही पूर्वी भरपूर धूम्रपान केलेले. चाचण्या संपल्यावर धूम्रपान न करणाऱ्या दोघांतही तो आढळल्याची नोंद झाली. एवढ्या कमी संख्येवरून औषधावर ठपका ठेवता येत नाही आणि त्याला निर्दोषही म्हणता येत नाही. ज्यांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे, होऊन गेलाय किंवा ज्यांना त्याचा धोका जास्त आहे, त्यांच्यासाठी मी हे औषध निवडणार नाही.

फुफ्फुसं चांगली निघाली असं धरू. तरी किती फायदा होईल? टाइप २ च्या रुग्णांत २४ आठवड्यांची एक चाचणी झाली. ओढायचं इन्सुलिन घेणाऱ्यांचं एचबीए१सी सरासरी ०.८ ने उतरलं, आणि औषध नसलेली पावडर ओढणाऱ्यांचं ०.४ ने. तुमच्या आईचं ९.१ आहे. फक्त यंत्र बदलून ते ७ वर येईल अशी आशा धरू नका. टाइप १ मध्ये अ‍ॅस्पार्ट इंजेक्शनशी तुलना केली तेव्हा एचबीए१सी इंजेक्शनने थोडं जास्त उतरलं. ओढायच्या इन्सुलिनमध्ये मात्र साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग कमी होते आणि वजन वाढलं नाही.

मात्रेचीही अडचण आहे. यंत्रात बसवायची पावडरची काडतुसं तीनच प्रकारची: निळं ४ युनिट, हिरवं ८, पिवळं १२. पेनमध्ये एकेक युनिट कमी-जास्त करता येतं, इथे चाराच्या पायऱ्या. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. आईने आज अर्धीच भाकर खाल्ली तर तीन युनिट द्यायची सोय नाही. शिवाय या औषधाचं एक युनिट म्हणजे टोचलेल्या एका युनिटाएवढं काम नव्हे. सुरुवातीच्या माहितीपत्रकात टोचलेल्या चार युनिटांना ओढलेले चार असं कोष्टक होतं, पण प्रत्यक्षात ते अनेकांना कमी पडतं, आणि नंतरच्या चाचण्यांत मात्रा जवळपास दुपटीने सुरू केली गेली. म्हणून घरी बसून हिशेब करू नका, आणि शेजारच्याची मात्रा आईला देऊ नका.

ओढायची पद्धत सोपी आहे, पण काळजीची. काडतूस यंत्रात बसवलं की यंत्र आडवं, सपाट धरायचं. हलवलं, उलटं केलं, तोंडाकडची बाजू खाली झुकली किंवा हातातून पडलं, तर पावडर सांडलेली असू शकते. ते काडतूस फेकून नवं घ्यायचं. यंत्रापासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, मग हनुवटी किंचित खाली घेऊन एका दमात खोल ओढायचा आणि झेपेल तेवढा रोखायचा. यंत्र पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि १५ दिवसांनी बदलायचं.

साठवणीने मात्र आपल्या भागात सगळं अवघड करून ठेवलंय. न उघडलेली पाकिटं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रिजबाहेर काढलेलं बंद पाकीट १० दिवसांत संपवायचं, उघडलेली पट्टी ३ दिवसांत. आणि फ्रिजबाहेर म्हणजे २५ अंशांच्या आसपास, आपल्या मे महिन्यातल्या टिनाच्या छताखाली नव्हे. अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी लाईन गेली की घरातच चाळिशी गाठलेली असते. टोचायच्या इन्सुलिनसाठी आपण मातीच्या मडक्याची युक्ती सांगतो: ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात कुपीचा डबा, सावलीत. कोरड्या उन्हाळ्यात ती छान चालते. पण इथे पावडर आहे आणि यंत्र कोरडंच राहिलं पाहिजे, तर मडक्यात ओल असते. मी तरी या औषधासाठी मडक्यावर विसंबायला सांगणार नाही. घरी फ्रिज नसेल किंवा लाईन तासन् तास जात असेल, तर फुफ्फुसं उत्तम असली तरी हा पर्याय माझ्या मते बसत नाही.

आता आईच्या सुईकडे. "नोको" म्हणणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो, सुई दाखवा. पिशवीतून निघते ती बहुधा प्लास्टिकची सिरिंज, महिना-महिना वापरलेली, कुपीच्या रबरात टोचून टोचून टोक वाकलेलं. पोटावर हात फिरवला तर एकाच जागी टोचून झालेल्या गाठी लागतात. अशी सुई दुखणारच, आणि त्या गाठींत टोचलेलं इन्सुलिन धड शोषलंही जात नाही. पेनची ४ मिलिमीटरची सुई केसासारखी बारीक असते. मी ती आधी सोबत आलेल्या मुलाच्या पोटाला इन्सुलिनशिवाय टोचून दाखवतो, मग नवी सुई लावून आईच्या. बहुतेक वेळा आई विचारते, "टोचली का?" सरकारी दवाखान्यातून कुपी मिळत असेल तर सिरिंज जपून घ्या: आपल्याकडच्या कुप्या बहुधा ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या सिरिंजला केशरी टोपण. या दोन्हींची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटीने चुकते.

आणि आईला हेही सांगा, की तिन्ही जेवणांना सुई घ्यावी लागेल असं नाही. तीन दिवस प्रत्येक जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहा, शेजारी काय आणि किती खाल्लं तेही. ज्या जेवणानंतर साखर सर्वांत जास्त उडी मारते, त्या एकाच जेवणाला ४ युनिटांपासून सुरुवात करतात. म्हणजे दिवसाला एक सुई वाढली, तीन नव्हे. आपल्या भागात ते जेवण बरेचदा रात्रीचं निघतं, कारण दिवसभर राबून आलेलं माणूस रात्रीच पोटभर जेवतं आणि लगेच आडवं होतं. जेवून अंगणात पंधरा मिनिटं फेऱ्या, ताटात आधी भाजी-वरण मग भाकर-भात, यानेही आकडा उतरतो.

जेवणाचं इन्सुलिन सुरू करताना, सुईने असो की श्वासाने, ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करायचं का हे डॉक्टरांना नक्की विचारा. ती गोळी जेवण असो-नसो दिवसभर इन्सुलिन पिळून काढते, आणि दोन्ही मिळून साखर खाली घसरू शकते. मेटफॉर्मिन सहसा चालूच राहतं. साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शेतात जाताना साखरेची पुडी पदराला हवीच. साखर खाली गेलेली असताना ओढायचं इन्सुलिन घ्यायचंच नाही.

आणखी एक तपासणी राहिली. आईचं हिमोग्लोबिन तुम्ही लिहिलेलं नाही. लोह कमी असेल तर एचबीए१सी खरं असेल त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताच्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्या आजारात एचबीए१सीवर विसंबता येत नाही आणि नुसता वाहक असला तरी काही पद्धतींच्या मोजणीत आकडा चुकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते ग्लुकोमीटरच्या वहीवर जास्त भर देतील.

हे सगळं होऊन फुफ्फुसं स्वच्छ निघाली, घरात धूर बंद झाला, फ्रिज भरवशाचा आहे, खर्च झेपतो आणि आई साखर तपासायला तयार आहे, तर ओढायचं इन्सुलिन जरूर विचारात घ्या. माझा विरोध नाही. पण तेव्हाही पेन शिकून घरात ठेवावंच लागेल. सर्दी-खोकल्याने छाती भरली आणि नीट ओढता येईना, तर त्या दिवसांत सुईच लागते.

राहता राहिले जावई. त्यांचा भाव चांगला आहे, पण पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर आलेलं पार्सल, आणि तेही एप्रिल-मे मध्ये, घेऊ नका. वाटेत ते किती तापलं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी, फ्रिज असलेलं औषधाचं दुकान आणि त्याचं बिल, एवढं यवतमाळात जुळत नसेल तर औषध मागवण्याआधी नागपूरच्या दुकानात विचारा, आणि आणायला स्वतः बर्फाच्या थैल्यांचा डबा घेऊन जा, पाकिटं थेट बर्फाला न टेकवता. जावयांना खरंच काही पाठवायचं असेल तर चांगला ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या पाठवायला सांगा. तीन दिवसांची वही त्यावरच लिहायची आहे.